आधी ओढा, मग घर



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते सर भूगोल शिकवत. फळ्यावरचा नकाशा आणि खिडकीबाहेरची टेकडी एकच आहे हे मुलांना उमगलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. माझी सगळी नोकरी नगररचना खात्यात नकाशांवर गेली. म्हणून आजचा विषयही नकाशाचाच घेतला आहे. आपल्या गावात, आपल्या उपनगरात नवी घरं कुठे बांधायची आणि ते कुणी, कधी ठरवायचं, हा तो विषय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. नवी घरं कुठे होणार हे जमिनीचा पहिला सौदा होण्याआधी ठरायला हवं. आणि ते ठरवताना कागदावर पहिली रेघ रस्त्याची नको, ओढ्याची हवी. उदाहरणं मी पुण्याचीच घेणार आहे. ही जमीन मी पायांनी ओळखतो, आणि योग्य जागा निवडणं आणि निवडलेलं विसरून जाणं, हे दोन्ही या शहराने केलेलं आहे.

१२ जुलै १९६१ च्या सकाळी पानशेतचं अर्धवट बांधलेलं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं फुटलं, आणि मुठेचं पाणी नदीकाठच्या पेठांमध्ये घुसलं. आपल्यापैकी काहींच्या घरी त्या दिवसाच्या आठवणी अजून सांगितल्या जातात. मला बोलायचं आहे ते त्या नंतरच्या काळाविषयी. हजारो कुटुंबांना घरं हवी होती आणि तीही तातडीने. पुनर्वसनाच्या कामावर स. गो. बर्वे यांच्यासारखा खंबीर प्रशासक होता. जिथे वाडे वाहून गेले तिथेच पुन्हा भिंती उभ्या करा, असं कुणी म्हटलं असतं तर ते सोपं होतं. पण गोखलेनगर, सहकारनगर आणि पर्वतीच्या आसपासच्या मोकळ्या जागा निवडल्या गेल्या. नदीपासून दूर, चढावर. पूरग्रस्तांच्या १०३ सहकारी गृहनिर्माण संस्था उभ्या राहिल्या. आधी जागा ठरली, मग भूखंड पडले, रस्ते आखले गेले आणि त्यानंतर घरं चढली. त्या वसाहतींतून आज हिंडलं तरी तो क्रम दिसतो. गल्ली सरळ आहे, दोन घरांमध्ये अंतर आहे, झाडाला जागा आहे. आपत्तीच्या रेट्याखाली, पैशाच्या तंगीत झालेलं हे काम आहे. आपल्याकडे आज त्याहून कितीतरी अधिक साधनं आहेत.

आता त्याच सहकारनगराशेजारची एक रात्र सांगतो. २५ सप्टेंबर २०१९. कात्रजच्या बाजूला मुसळधार पाऊस झाला आणि आंबिल ओढा फुगला. अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी, दांडेकर पूल, या पट्ट्यात पाणी घराघरांत शिरलं. भिंत कोसळून माणसं दगावली. शहर आणि परिसर मिळून वीसहून अधिक जीव त्या एका रात्रीत गेले. ज्या भागाला आपण पुरापासून सुरक्षित म्हणून निवडलं, त्याच भागाच्या कुशीत हे घडलं. नदी टाळली होती, पण ओढ्याकडे पाठ फिरवली होती. १९६१ नंतरच्या साठेक वर्षांत त्या ओढ्याच्या काठावर कुठे भराव पडला, कुठे सीमाभिंत आली, कुठे पुलाखालची मोरी अपुरी राहिली, आणि ज्यांना शहरात कुठेही जागा मिळाली नाही त्यांनी तिथेच पत्र्याची घरं बांधली.

आंबिल ओढा हा काही आडवाटेचा ओहोळ नाही. पेशवाईत त्याचा प्रवाह वळवून पर्वतीकडे नेला गेला आणि जुन्या पात्राच्या बाजूला पेठा वाढल्या. त्याच ओढ्याच्या उगमाकडे, कात्रजला, नानासाहेब पेशव्यांच्या काळात १७४९ च्या सुमारास तलाव बांधून दगडी नळाने पाणी शहरात आणलं गेलं, आणि त्या पाण्याच्या हौदांवर नंतरच्या पेठा जगल्या. म्हणजे ओढ्याची जागा बदलायची तर ती विचार करून बदलली आणि वस्ती वाढवायची तर तिच्यासाठी पाणी आणलं. पेशवाईचा सगळा कारभार आदर्श होता असं मी म्हणत नाही, पण एवढा क्रम त्यांना कळत होता हे मान्य करायला हवं.

आणखी एक तारीख. २५ जुलै २०२४. पहाटे खडकवासल्यातून विसर्ग वाढवला गेला, तो ३५ हजार क्युसेकच्या घरात होता, आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोक झोपेतून उठले तेव्हा तळमजले पाण्यात होते. मुलांना आणि म्हाताऱ्यांना बोटीतून काढावं लागलं. धरण फुटलेलं नव्हतं. पावसाळ्यात धरण भरल्यावर पाणी सोडावंच लागतं आणि ते नदीतूनच जाणार.

नदीकाठी दोन रेषा असतात. पंचवीस वर्षांतून एकदा येईल अशा पुराची ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येईल अशा पुराची ती लाल. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतची जागा निषिद्ध क्षेत्र, तिथे घर नको. निळ्या आणि लाल रेषेमधली जागा नियंत्रित क्षेत्र, तिथे अटी पाळून बांधा. कल्पना स्वच्छ आहे. अडचण अशी की पुष्कळ ठिकाणी घरं आधी उभी राहिली आणि रेषा नंतर आखली गेली. मग रेषेच्या आत सापडलेला माणूस विचारतो, साहेब, मी कर्ज काढून घर घेतलं तेव्हा ही रेघ कुठे होती? त्याला उत्तर नाही. त्याची चूक एवढीच की सरकारी शिक्का बघून त्याने विश्वास ठेवला. शिवाय या रेषा मोठ्या नद्यांच्या आहेत. ओढ्यांच्या पूररेषा बहुतेक ठिकाणी आखलेल्याच नाहीत, आणि घरं आता तिकडेच सरकत आहेत.

इथे थोडा कागदांत शिरतो. कंटाळा करू नका, कारण ओढा आधी कागदावर मरतो आणि मग जमिनीवर. आपल्या जुन्या गावनकाशावर प्रत्येक ओढा, प्रत्येक ओघळ दाखवलेला असतो. सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणून जे क्षेत्र लिहितात, त्यातलं ‘ब’ वर्गाचं क्षेत्र म्हणजे रस्ता, पाण्याचा प्रवाह, स्मशान अशा सार्वजनिक कामाची जमीन. तिच्यावर आकार नाही आणि ती लागवडीखाली आणायचीही नाही. पुढे एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले, मग गटांची फाळणी झाली, मग प्लॉट पडले. या प्रत्येक पायरीवर नकाशाची नक्कल झाली आणि एखाद्या नकलेत ओढ्याची दुहेरी रेघ एकेरी झाली, पुढच्या नकलेत ती तुटक झाली आणि त्यापुढे नाहीशीच. बांधकामाचा आराखडा मंजुरीला येतो तेव्हा कागदावर तिथे ओढा नसतोच. मंजुरी देणारा अधिकारी जागेवर उन्हाळ्यात गेला तर त्याला झुडपं आणि खडी दिसते. पाणी मात्र जुना नकाशा विसरत नाही.

मी नोकरीत असताना एका गावातल्या वृद्ध शेतकऱ्याने मला बांधावरून चालत नेऊन दाखवलं होतं की अमुक चिंचेपासून तमुक विहिरीपर्यंत दर काही वर्षांनी पाणी कसं पसरतं. ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण त्याला कुणी विचारलं नव्हतं. विकास आराखड्याच्या आधी ‘विद्यमान जमीन वापर’ असा नकाशा करण्याची कायद्यात तरतूद आहे. सध्या कुठे घर, कुठे शेत, कुठे पाणी याची ती नोंद. सगळ्या आराखड्याचा पाया तोच, आणि सगळ्यात कमी लोकांनी पाहिलेला नकाशाही तोच. या कामाला उपग्रहाची छायाचित्रं हवीत, ड्रोन हवेत, यात वाद नाही. पण मला वाटतं त्या सर्वेक्षकाबरोबर त्या गावातली दोन जुनी माणसं चालली पाहिजेत, आणि त्यांतली एक बाई असावी, कारण पाणी कुठून येतं आणि कुठे तुंबतं हे घरात तिला सगळ्यांत आधी कळतं.

आता शहराच्या कडेला चला. ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावं पुणे महापालिकेत आली, ३० जून २०२१ रोजी आणखी २३ आली. वाघोली, मांजरी, नऱ्हे, नांदेड, किरकटवाडी, सूस, म्हाळुंगे, ही नावं तुम्हाला परकी नाहीत. तुमच्यातल्या कित्येकांची मुलं तिथेच राहतात. महापालिकेत येण्याआधीच यातली बरीच गावं इमारतींनी भरली होती. क्रम कसा होता पाहा. प्रथम जमिनीचा सौदा, मग बिनशेती, मग दहा-बारा मजले, मग टँकर, मग ड्रेनेजसाठी मोर्चा, मग महापालिका आणि सगळ्यात शेवटी विकास आराखडा. पाण्याचं काय, तर परवानगीच्या वेळी विकासकाने हमीपत्र दिलेलं असतं की नळाचं पाणी येईपर्यंत मी सोय करीन. तो प्रकल्प संपवून निघून जातो आणि हमीपत्र फायलीत राहतं. सोसायटीचा देखभाल खर्च टँकरवर जातो. शिकलेली, कमावती माणसं सकाळी सातला टँकरवाल्याला फोन करत गॅलरीत उभी असतात.

त्याचं टोक आपण जानेवारी २०२५ मध्ये पाहिलं. सिंहगड रस्त्याच्या परिसरात, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत, गुइलेन-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले आणि संशय दूषित पाण्यावर गेला. हा आजार मज्जातंतूंवर घाला घालतो, माणसाचे हातपाय लुळे पडतात. खडकवासला धरणाच्या सावलीत राहणाऱ्या माणसांना शुद्ध केलेलं पाणी मिळत नाही, यापेक्षा नियोजनाचं मोठं अपयश मला सांगता येत नाही. कुणी म्हणेल, हा आरोग्याचा प्रश्न आहे. माझ्या मते तो घर कुठे बांधायला परवानगी दिली याचा प्रश्न आहे. जिथे शुद्ध पाण्याची वाहिनी पुढच्या काही वर्षांतही पोहोचणार नाही तिथे हजार घरांना भोगवटा प्रमाणपत्र देता कामा नये. हे कठोर वाटेल. त्या गॅलरीत उभ्या असलेल्या माणसाला विचारा, त्याला ते कठोर वाटणार नाही.

आराखडा आहेच की, असं आपल्याला वाटतं. तो कधी येतो ते बघू. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना अधिनियम १९६६ चा. त्यानुसार शहराचा विकास आराखडा साधारण वीस वर्षांनी नव्याने करायचा असतो. पुण्याचा एक आराखडा १९८७ मध्ये मंजूर झाला, म्हणजे २००७ पर्यंतचा. पुढचा २००७ ते २०२७ या काळासाठीचा. त्याचा मसुदा प्रसिद्ध झाला २०१३ मध्ये. त्यावर नागरिकांनी सुमारे ८७ हजार हरकती-सूचना दिल्या. सुनावणीसाठी नेमलेल्या नियोजन समितीतच मतभेद झाले, राज्य सरकारने २०१५ मध्ये तो आराखडा आपल्या हाती घेतला आणि २०१७ च्या जानेवारीत मंजुरी मिळाली. वीस वर्षांसाठीचा आराखडा, त्यातली दहा वर्षं निघून गेल्यावर मंजूर. दरम्यान शहर थांबलेलं नव्हतं. आरक्षणाच्या जागांवर घरं झाली, रस्त्याच्या रेषेत दुकानं आली, आणि मग ‘वस्तुस्थिती पाहता’ आरक्षण उठवावं अशी टिपणी लिहिली गेली. मुंबईलाही हे चुकलं नाही. तिथला मसुदा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात इतक्या चुका निघाल्या की दोनेक महिन्यांत तो फेरकामासाठी मागे घ्यावा लागला आणि अंतिम आराखडा २०१८ मध्ये आला.

त्या ८७ हजार हरकतींकडे मी फार आदराने पाहतो. एवढ्या माणसांनी अर्ज लिहिले, नकाशे चाळले, रांगेत उभे राहिले. या शहराला आपल्या भविष्याची काळजी नाही असं म्हणणाऱ्यांना ही संख्या सांगावी. पण तो सगळा जोर कुठे लागला? छापून झालेल्या नकाशावर. माझ्या भूखंडावरचं आरक्षण काढा, माझ्या गल्लीतला रस्ता रुंद करू नका. आमच्या भागात येत्या वीस वर्षांत किती घरं हवीत, ती कुठे व्हावीत, कुठे मुळीच नकोत, हा प्रश्न कुणी कुणाला आधी विचारलाच नव्हता. ठरलेल्या मुदतीत हरकत घेणं म्हणजे सहभाग, अशी आपली समजूत झाली आहे. ती बदलायला हवी.

यावर शेतकरी मित्र जे म्हणतात ते मी मनापासून ऐकलं आहे आणि ते खोटं नाही. ते म्हणतात, तुम्ही शहरातले लोक आराखड्यात आमच्या जमिनीवर शेतीचा हिरवा रंग भरता. शेजारच्याचा गट पिवळा, म्हणजे निवासी, म्हणून तो कोट्यधीश. माझा हिरवा, म्हणून मी कर्जात. मुलीचं लग्न निघालं की मी गुंठा-गुंठा विकतो. विकू नको तर काय करू? गुंठेवारी अशीच होते. २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा आला. तेव्हाची मुदत १ जानेवारी २००१ ची. पुढे ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली गेली. ज्यांनी पै-पै जोडून गुंठाभर जागा घेतली त्यांना कायमचं टांगणीला ठेवावं असं मला वाटत नाही. पण दर वीस वर्षांनी मुदत पुढे नेणं हा काही उपाय झाला नाही. हिरव्या-पिवळ्या रंगाच्या या लॉटरीतून शेतकऱ्याला सोडवायचं तर मार्ग आपल्याच कपाटात शंभर वर्षांपासून पडून आहे.

त्याचं नाव नगररचना योजना. मुंबईत १८९६ ला प्लेग आला, १८९८ ला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या गेल्या, आणि १९१५ मध्ये मुंबई इलाख्याने देशातला पहिला नगररचना कायदा केला. त्या कायद्याचं मर्म असं. समजा शंभर एकरांत चाळीस शेतकरी आहेत. नेहमीच्या पद्धतीत रस्त्याची रेघ एकाच्या शेतातून जाते, त्याची अर्धी जमीन गेली. शाळेचं आरक्षण दुसऱ्यावर पडतं, तो पंधरा वर्षं कोर्टात. आणि ज्याच्या बांधाला रस्ता लागतो त्याला काहीही न करता सोन्याचा भाव मिळतो. नगररचना योजनेत चाळीसही जणांची जमीन कागदावर एकत्र करतात. ओढा, रस्ते, शाळा, मैदान, गरिबांच्या घरांची जागा यांसाठी सगळ्यांकडून सारख्या प्रमाणात वाटा घेतात आणि उरलेली जमीन चौकोनी, रस्त्याला लागून असलेल्या भूखंडांच्या रूपाने प्रत्येकाला परत देतात. निम्म्याच्या आसपास जमीन परत मिळते, पण तिची किंमत मूळच्या पूर्ण तुकड्याहून जास्त होते. त्या वाढलेल्या किमतीतला काही भाग पाणी आणि गटाराच्या खर्चासाठी योजनेत जमा होतो. ज्याच्या शेतातून ओढा जातो तो एकटा मरत नाही आणि ज्याच्या शेजारी चौक येतो तो एकटा तरत नाही.

हे पुस्तकी नाही. शिवाजीनगरचा, म्हणजे जुन्या भांबुर्ड्याचा, बराच भाग असाच घडला. तिथल्या मालमत्तेच्या कागदांवर अजून ‘फायनल प्लॉट क्रमांक’ लिहिलेला असतो. तो याच योजनेचा ठसा. फर्ग्युसन रस्त्याच्या सावलीचं कौतुक आपण करतो ना, त्या सावलीला रुंद रस्ता लागतो आणि रुंद रस्त्याला आधी झालेली आखणी लागते. मुंबई इलाख्याचा हा वारसा गुजरातनेही घेतला आणि सोडला नाही. अहमदाबाद वाढलं ते एकामागून एक नगररचना योजनांवर. आपण मात्र १९६६ च्या कायद्यात ती तरतूद ठेवली आणि वापर जवळजवळ सोडून दिला. का सोडला? माझं मत विचाराल तर, आरक्षण टाकणं आणि उठवणं यात अधिकार एका टेबलावर राहतो. योजनेत चाळीस शेतकऱ्यांना एकत्र बसवावं लागतं, त्यांच्या मोजण्या कराव्या लागतात, लवादापुढे प्रत्येकाचं ऐकावं लागतं. ते कष्टाचं काम आहे. अलीकडे म्हाळुंगे-माण भागात पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (पीएमआरडीए) ते पुन्हा हाती घेतलं, त्याचं मी स्वागत करतो.

शेतकरी एकत्र येत नाहीत असं म्हणणाऱ्यांनी हडपसरला जावं. मगरपट्ट्यातल्या शंभरावर शेतकरी कुटुंबांनी चारशेहून अधिक एकर जमीन एकत्र केली, सतीश मगर यांनी पुढाकार घेतला, आणि जमीन विकून मोकळं होण्याऐवजी ती कुटुंबं कंपनीची भागधारक झाली. तिथली घरं सामान्य माणसाला परवडतात असं मी म्हणणार नाही. पण जमिनीचा मालक आणि नगराचा नियोजक एकाच टेबलाशी बसू शकतात, एवढं त्यांनी सिद्ध केलं.

टेकड्यांविषयी बोलल्याशिवाय पुण्यात हा विषय पुरा होत नाही. १९९७ मध्ये समाविष्ट झालेल्या गावांतल्या टेकड्या आणि उतार मिळून ९७८ हेक्टर जागा जैवविविधता उद्यानासाठी राखून ठेवायची म्हणून या शहरातल्या माणसांनी वर्षानुवर्षं लढा दिला. सरकारचा निर्णय यायला २०१५ उजाडलं. मोबदल्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही आणि तो सुटेपर्यंत टेकड्या सुरक्षित नाहीत, हे मी स्पष्ट सांगतो. मालकाला हातात काही न देता त्याची जमीन रिकामी ठेवा म्हणणं टिकत नाही. पण उतारावर घर नको, याचं कारण फक्त हिरवाई आणि सकाळचा फेरफटका नाही. पावसाचं पाणी उतारावर मुरलं नाही तर ते खालच्या वस्तीत तासाभरात येतं. २०१९ ची रात्र निम्मी टेकडीवर घडलेली आहे. आणि डोंगर जिथे ठिसूळ आहे तिथे तो स्वतःच खाली येतो. ३० जुलै २०१४ ला याच जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात माळीण गाडलं गेलं, १५१ माणसं गेली. माळीणच्या लोकांनी कुठला नियम मोडून तिथे घरं बांधली नव्हती. ते पिढ्यान् पिढ्या तिथेच होते. अशा गावांना सुरक्षित जागा शोधून देणं हेही ‘नवी घरं कुठे’ याच प्रश्नात येतं. गावठाणालगतच्या दोनशे मीटरपर्यंतच्या जमिनीला बिनशेतीची वेगळी परवानगी लागणार नाही अशी सोय आता महसूल कायद्यात आहे. चांगली आहे. पण डोंगराळ तालुक्यात त्या दोनशे मीटरांत कडा असेल तर? तिथे हातात भूगर्भ अभ्यासकाचा अहवाल हवा.

शेवटचा मुद्दा सर्वांत अवघड. घरं कुणासाठी? २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात एक कोटी दहा लाखांच्या आसपास घरं रिकामी आढळली होती. कुलपं लावलेली. आणि त्याच शहरांत माणसं ओढ्याकाठी राहत होती. म्हणजे नुसती संख्या वाढवून प्रश्न सुटत नाही. आपल्याकडे चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पात वीस टक्के घरं छोट्या आकाराची, कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी ठेवायचा नियम २०१३ पासून आहे. नियम योग्य आहे. पण आराखड्यात गरिबांच्या घरांचा रंगच नसतो. ती घरं उरलेल्या जागेत, शेवटच्या बसथांब्यापलीकडे जातात. दांडेकर पुलाजवळ राहणारी बाई चार घरची धुणीभांडी करते. ती चारही घरं चालत पोहोचता येतील अशी आहेत. तिला तुम्ही वीस किलोमीटरवर पक्कं घर दिलंत तर तिच्या हातचं काम जातं. ती घराला कुलूप लावून किंवा ते भाड्याने देऊन परत ओढ्याकाठी येते, आणि आपण म्हणतो या लोकांना किंमत नाही. ओढ्याचा काठ मोकळा करायचा, तर आधी त्याच प्रभागात, चालत जाण्याच्या अंतरावर, तिच्या घराची जागा नकाशावर दाखवा. ती दाखवल्याशिवाय काठ मोकळा करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

कुणी विचारेल, एवढं सगळं पाहत बसलो तर घरं बांधायची कधी? लोकसंख्या थांबणार आहे का? थांबणार नाही. मी घरांच्या विरोधात बोलत नाही. जवळपास भाड्याने मिळणारी, मेट्रोच्या आणि बसच्या वाटेवरची, जुन्या पेठांतल्या मोडकळीला आलेल्या वाड्यांच्या जागेवरची, पुष्कळ घरं या शहराला हवी आहेत आणि ती लवकर हवी आहेत. हिंजवडीत माहिती तंत्रज्ञानाचं केंद्र उभं राहिलं आणि मेट्रोचं काम दोन दशकांनंतर सुरू झालं. मधल्या काळात एका पिढीची उमेद रस्त्यावरच्या कोंडीत गेली. मग वेळ वाचला कुठे? आखणीला दोन वर्षं लागतात म्हणून ती टाळली आणि त्याची किंमत वीस वर्षं भरली.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. पुढच्या कुठल्याही विकास आराखड्याचं काम ओढे-नाल्यांची सीमा जागेवर दगड रोवून निश्चित केल्याशिवाय सुरू होऊ नये. शहराच्या हद्दीत नवं गाव आलं की सहा महिन्यांत तिथे नगररचना योजनेचा इरादा जाहीर व्हावा आणि तोवर मोठ्या बांधकामांना परवानगी नसावी. आणि विद्यमान जमीन वापराचा नकाशा प्रत्येक प्रभाग कार्यालयात आणि ग्रामपंचायतीत, आराखड्याच्या मसुद्याच्या वर्षभर आधी, भिंतीवर लागावा.

सरकार हे आपण होऊन करील असं मला वाटत नाही. लोक धरून बसले तर करील. ते धरून बसणं तुमच्यापासून सुरू होऊ शकतं. भूमी अभिलेख कार्यालयातून आपल्या गावाच्या जुन्या नकाशाची नक्कल मिळते, शुल्क फार नाही. ती काढा. गावातल्या किंवा सोसायटीतल्या जुन्या माणसाला बरोबर घ्या, शाळेतली चार मुलं घ्या, आणि नकाशावरचा प्रत्येक ओढा चालून पाहा. जिथे तो सापडणार नाही तिथे खूण करा, तारीख घाला, छायाचित्र काढा आणि सह्यांसह तो कागद महापालिकेच्या किंवा पंचायतीच्या आवक-जावक खिडकीत देऊन पोच घ्या. पुढच्या आराखड्याचा मसुदा येईल तेव्हा ती पोच तुमच्या हातात असली पाहिजे. पाऊस संपायच्या आत हे करा, कारण ओढा पावसाळ्यातच दिसतो.